जागा करा

१

धाकट्याला झोपेतून उठवणं हा ताईचा जन्मभराचा धंदा होता. शाळेत असताना उठवलं, परीक्षांना उठवलं, पहिल्या मुलाखतीच्या दिवशी तर तोंडावर पाणी मारून उठवलं. आई म्हणायची, "हा पोरगा झोपतो की मुरतो?" अंगाने लांबलचक आणि जेवला की आडवा, म्हणून घरात त्याचं नाव पडलं अजगर. ताईला लाड आले की त्याचा व्हायचा अज्या. खरं नाव फक्त कागदपत्रांना ठाऊक होतं.

सात महिन्यांपूर्वी दिवा बदलायला म्हणून तो शिडीवर चढला, पाय सटकला, डोकं खिडकीच्या कठड्यावर आपटलं आणि शुद्ध गेली ती गेलीच. ताई शेजारणीला म्हणाली, "उठेल हो. आजवर उठला नाही असा एक दिवस गेलेला नाही." एवढं बोलली आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली.

आई-बाबा आता नव्हते. होते ते दोघंच, दोन खोल्या आणि सकाळी येणारी सिस्टर. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. दुपारी एकला घरी आली की सिस्टर जायची आणि धाकटा ताईच्या ताब्यात. नाकात नळी, अंगावर निळं पांघरूण, पलंगाला लागून त्याचं टेबल आणि टेबलावर त्याचा जुना, सदा घुरघुरणारा कॉम्प्युटर. तो ताईने मुद्दाम चालू ठेवला होता. त्याला त्या आवाजाशिवाय झोप लागत नसे, आणि जाग कशाने येईल ते कोणाला माहीत होतं?

डॉक्टर महिन्याला एकदा यायचे. मागच्या खेपेला जाताना चपला घालता घालता म्हणाले, "महिना नको, येत्या शुक्रवारीच परत बघू. तोवर रोज दहा मिनिटं व्हिडिओ काढा. ओळखीची खूण दिसली तर इथेच ठेवू, व्यायाम सुरू करू. नाहीतर मग त्या केंद्रात हलवावं लागेल."

ते केंद्र गाडीने सहा तासांवर होतं. भेट फक्त रविवारी, एक तास.

"आणि बाकीचे सहा दिवस त्याला हाका कोण मारणार?" ताईने विचारलं.

डॉक्टरांनी दुसरी चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावला.

२

सोमवारी दुपारी ताईने कॉम्प्युटरचा कॅमेरा पलंगाकडे वळवला, कळ दाबली, आणि पडद्यावर चौकट आली: 'डिस्क भरली आहे. जागा करा.'

ताईला एवढ्या कटकटीतही हसू आलं. ती ओळ धाकट्यानेच लिहिली होती. कॉम्प्युटरवरच्या सूचना आपल्या भाषेत आणायच्या, हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्या ओळीवरून दोघांची केवढी जुंपली होती! ताई म्हणाली होती, "जागा करा म्हणजे कोणाला रे? तुला? नीट लिही, जागा मोकळी करा."

"मोकळी मावत नाही गं. चौकट केवढीशी आहे."

"म्हणून काय अर्धवट बोलायचं? लोक उठून नवऱ्यांना हलवतील."

"बरंय की. तेवढेच उठतील बिचारे."

तर ते असो. धाकट्याने आयुष्यात एक कागद फेकला नव्हता, तो कॉम्प्युटरमधलं काय काढणार? ताईने फोल्डर बघितले. 'जुनं काम.' 'गाणी.' मग 'असू दे', त्याखाली 'असू दे २', त्याखाली 'खरंच असू दे', आणि तळाशी आणखी दोन. ताईने कपाळावर हात मारला. 'जुनं काम' म्हणजे पोचती केलेली कामं, त्यांना काय लोणच्यात घालायचं? तिने ते काढलं आणि कचरापेटीही रिकामी केली. पेटी रिकामी केल्याशिवाय जागा होत नाही, एवढं त्यानेच तिला शिकवलं होतं.

कॉम्प्युटरची घुरघुर क्षणभर थांबली, आणि पलंगावर धाकटा शिंकला.

सात महिन्यांत तो साधा खाकरलाही नव्हता. ताई उडालीच. "अज्या?" म्हणत तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. चेहरा तसाच, मिटलेला. पण नाकाचा शेंडा ओला होता. तिने तो पदराने पुसला आणि वेड्यासारखी हसत सुटली.

३

"शिंक म्हणजे चांगलंच," मंगळवारी सिस्टर म्हणाली. ही बाई दणकट, मनाने लोण्याची. त्याला पुसताना, कूस वळवताना एक जुनं गाणं गुणगुणायची, आणि त्या गाण्याला धाकट्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. डॉक्टर म्हणायचे, नसांची आपोआपची हालचाल आहे. सिस्टर म्हणायची, डॉक्टरांना गाण्यातलं काय कळतंय.

सिस्टर एकला गेली. ताईने कळ दाबली. पुन्हा तेच. 'डिस्क भरली आहे. जागा करा.'

"काल तर केली की रे बाबा," ताई पुटपुटली. तिने 'गाणी' उघडलं. हजारो होती. आज ना उद्या उठला की ओरडेल, पण गाणी काय, परत मिळतील. तिने ती काढली, पेटी रिकामी केली. घुरघुर थांबली.

पांघरुणावरचा डावा हात वर आला. वीतभर वर आला, हवेत राहिला आणि सावकाश खाली गेला. ताई पलंगाशी धावली. तिने हाताला हात लावला तर तो ऊन होता, रोजच्यापेक्षा ऊन.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. यंत्राचा आणि माणसाचा काय संबंध? चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलेली बाई ती. नजर कशी फसते हे तिने रोज गिऱ्हाइकांना समजावलेलं होतं. पण मन कसलं खट्याळ, ते आतल्या आत उड्या मारत होतं.

बुधवारी सकाळी सिस्टर पाय पुसताना गुणगुणली. ताई दुकानात निघता निघता दारातच थांबली. सिस्टरने कडवं संपवलं, परत पहिल्यापासून धरलं, जरा मोठ्याने म्हटलं.

"आज हलला नाही," सिस्टर म्हणाली.

"दमला असेल," ताई म्हणाली.

४

त्या दिवशी ताईने दोन काचा चुकीच्या चौकटीत बसवल्या. मालक म्हणाले, "ताई, घरी जा." ती धावतच आली, सिस्टरला थांबवून घेतलं आणि काही न सांगता कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावरची चौकट तिची वाटच बघत होती.

'असू दे'चे तिन्ही फोल्डर तिने न उघडताच काढले. उघडून बघण्याचा धीर नव्हता, वेळही नव्हता. आणि त्यात काय असणार, ह्याचा सगळा कचरा. पेटी रिकामी. घुरघुर थांबली.

"अहो ताई!" सिस्टर किंचाळली.

धाकट्याचे डोळे उघडे होते. तपकिरी, ओले, छताकडे लागलेले. पापण्या लवत होत्या. सिस्टरने देवाला हात जोडले. ताईने भिंतीवरची आईची तसबीर खिळ्यावरून काढली आणि त्याच्यासमोर धरली. "बघ, अज्या. आई बघ."

त्याची नजर तसबिरीवरून सरकली. जशी दारावरून, कपाटावरून सरकली तशीच. मग ती मागे गेली आणि भिंतीत उरलेल्या रिकाम्या खिळ्यावर थांबली. खिळा त्याने बराच वेळ बघितला.

ताईने तसबीर पलंगावर ठेवली. तिने बाहेरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. "'असू दे' नावाचे फोल्डर होते. त्यात काय होतं ते कळेल का?"

"त्यात? मागल्या वर्षी मीच भरून दिलेत. तुमच्या घरातले सगळे जुने फोटो. आईंचे, बाबांचे, त्याच्या शाळेतले. मूळ फोटोंना वाळवी लागली म्हणून आणले होते त्याने. का हो?"

"परत येतील?"

"कचरापेटी रिकामी केलीत?"

"केली."

"मग बोंबला," तो हळहळून म्हणाला.

डॉक्टरांनाही तिने फोन केला. ते खूश झाले, पण सावरून बोलले. "डोळे उघडणं म्हणजे जागं होणं नव्हे, ताई. नजर ठरली पाहिजे. माणूस ओळखला पाहिजे. शुक्रवारी बघू."

५

गुरुवारी दुपारी खोलीत दोघंच. तो उघड्या डोळ्यांनी छत बघत होता. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. ताईने त्याच्या केसांना तेल लावलं, भांग पाडला, मग हात पुसून टेबलापाशी बसली.

'आणखी थोडी जागा हवी. जागा करा.'

ही ओळ तिने आधी कधी पाहिली नव्हती. धाकट्याची म्हणाल तर त्याची वाटत होती, पण त्याने ती कधी लिहिली असेल?

दोनच फोल्डर उरले होते. एकाचं नाव 'मी'. दुसऱ्याचं 'ताई'. दोन्ही भरगच्च, जवळपास सारखे.

तिने आधी 'ताई' उघडला. सगळे आवाज होते, तारीखवार, अकरा वर्षांचे. पहिलाच लावला आणि खोलीत तिचाच आवाज घुमला: "ऊठ रे राजा, चहा गार होतोय." दुसरा: "उठतोस की घालू लाथ?" तिसरा: "अज्या, बाळा, आठ वाजले, खोटं नाही बोलत." लबाड कुठला! रोज सकाळी, उशीखाली फोन ठेवून, तिच्या हाका भरून ठेवत होता. त्याचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. जागा झाला की तो बंद करत असावा. ताईने हाकांमागून हाका ऐकल्या. रागावलेल्या, दमलेल्या, सर्दीने बसलेल्या. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचीही होती. त्या दिवशी ती नुसतं "ऊठ रे" एवढंच म्हणाली होती. ताईच्या डोळ्यांना धार लागली. आपल्यावर एवढा जीव होता ह्या मेल्याचा, आणि तोंडाने कधी एक शब्द बोलला नाही.

'मी' मात्र तिने उघडला नाही. दुसऱ्याची वही उघडू नये, ही आईची शिस्त.

आता तुम्ही म्हणाल, कशाला पुसायचं, तसंच राहू द्यायचं. पण उद्या शुक्रवार होता. छताकडे बघणाऱ्या माणसाला डॉक्टर घरी ठेवणार नव्हते. आणि 'ताई' पुसली तर उद्या तो ओळखणार कोणाला? हा तिचा हिशोब चोख होता. खरं सांगायचं तर हिशोबाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती अशी की तिला त्याच्यातून जायचं नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात ती फक्त त्याच्याच डोक्यात कोणीतरी होती.

राहता राहिला 'मी'. ताई त्या अक्षराकडे बघत बसली. माणूस आईला विसरेल, गाणं विसरेल. पण स्वतःला कोण विसरतं? त्याला काय लिहून ठेवावं लागतं? आत असतंच की माणूस.

"रागावू नको हं," ती पलंगाकडे बघून म्हणाली, 'मी' काढला आणि पेटी रिकामी केली.

घुरघुर थांबली. या वेळी ती परत सुरू झाली नाही. खोली इतकी शांत झाली की भिंतीपलीकडे शेजारीण भांडी लावत होती ते ऐकू येऊ लागलं.

मग त्याच्या मानेखालची उशी चुरचुरली. त्याने मान वळवली होती. तो तिच्याकडे बघत होता, नीट, नेम धरून. ओठ हलले, आवाज आला तो गंजलेल्या बिजागरीचा, पण शब्द स्वच्छ होता.

"ताई."

६

शुक्रवारी डॉक्टर आले ते दारातूनच हसत. नाकातली नळी काढली, उशांना टेकवून त्याला बसवलं. सिस्टर सुट्टी असूनही आली होती, डोळ्याला रुमाल लावून उभी होती. ताईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, तरी तिचं तोंड दिव्यासारखं उजळलं होतं.

"ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताई."

"शाब्बास! बोट दाखवा बघू ताईकडे." त्याने दाखवलं. "आणि तुम्ही? तुम्ही कोण?"

त्याने विचार केला. सोपं उत्तर मुद्दाम सावकाश देणाऱ्या मुलासारखा गालात हसला. मग बोट वळवून स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"ताई," तो म्हणाला.

डॉक्टर खदखदून हसले. "दमले आहेत. बास आजच्यापुरतं."

"हो, दमले बाई मी," तो म्हणाला आणि केसांवरून मागे हात फिरवला, अंबाड्याची सुटलेली बट खोचावी तसा.

डॉक्टर तोवर कागदावर लिहीत होते. ओळख आहे, वाचा आहे, घरीच ठेवावे. त्यांनी सही केली, ताईच्या पाठीवर थाप मारली. सिस्टरने मात्र रुमाल खाली घेतला होता. डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ऐकलंत ना? दमले म्हणाला."

"जिभेला वळण नाही अजून," ताई म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिने सिस्टरला चहा न विचारता दारापर्यंत पोचवलं.

७

महिन्याभरात तो चालायला लागला. व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची, असा गुणी रोगी बघितला नाही. सकाळी स्वतःच उठतो. हो, स्वतःच! ज्याला उठवता उठवता ताईचा जन्म गेला तो आता तिच्याआधी उठायचा, चहाचं पाणी ठेवायचा, बशीवर कप पालथा घालायचा. ताईच्याच पद्धतीने. भांडी घासताना पुटपुटायचा, "किती झोपावं माणसाने." ताई त्याला जवळ घ्यायची, त्याच्या अंगाला तोच जुना वास यायचा, तेलाचा आणि झोपेचा. ती म्हणायची, "अज्या, तू उठलास, मला सगळं मिळालं." तो तिची पाठ थोपटायचा, मायेने, मोठ्या माणसासारखा. दुसऱ्या कोणाबद्दल बोलणं चाललं असावं तसा ऐकून घ्यायचा.

कॉम्प्युटर त्या दिवसापासून सुरू झाला नव्हता. दुरुस्तीवाला उघडून बघून गेला. म्हणाला, काही बिघाड दिसत नाही, आत भरपूर जागा आहे.

एका सकाळी ताईला जाग आली ती बोलण्याने. ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. धाकट्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

पलंग रिकामा होता. निळं पांघरूण मात्र घडी न घालता लांबलचक पसरलेलं, उशीपासून पार पायथ्यापर्यंत. पलंगाशेजारच्या स्टुलावर तो बसला होता, ज्या स्टुलावर सात महिने ती बसली होती. त्याच्या हातात चहाचा कप होता. तो वाकून उशीशी बोलत होता, आणि खालचा आवाज जरी पुरुषाचा असला तरी वरची सगळी माया तिची होती.

"ऊठ रे राजा, चहा गार होतोय. आठ वाजले, खोटं नाही बोलत." तो थांबला, कान देऊन वाट पाहिली. कपावर फुंकर घातली. "अज्या, बाळा. आता पुरे की रे."

ताई दारात उभी राहिली. तिला पळून जावंसं वाटलं, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. त्याने वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी, आणि त्यातली काळजी तिने आरशात सात महिने बघितली होती.

"उठतच नाही गं," तो म्हणाला. "तू बघतेस का हाक मारून? माझं नाही ऐकत."

ताई आत आली. स्टूल एकच होतं म्हणून ती पलंगाच्या कडेला टेकली, पांघरुणाला धक्का लागू न देता. तिने उशीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"ऊठ रे," ती म्हणाली.

मग बराच वेळ, ऊन उशीवर येईपर्यंत, दोघी मिळून त्याला हाका मारत बसल्या.